शेखावाटीची भित्तिचित्रे : पाहणे आणि राखणे

भित्तिचित्र म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अजिंठा उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. फार तर मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यातील चित्रे कोणी पाहिलेली असतात. परंतु घरांच्या आतच नव्हे तर बाहेरच्या, रस्त्याकडच्या भिंतींवरही चित्रे काढलेली आहेत, आणि तीही एखाद्या घरावर नव्हे तर गावेच्या गावे रंगवलेली आहेत, असा एक प्रदेश आपल्या देशात आहे, हे आमच्या वर्गातील बहुतेकांना सहलीला निघेपर्यंत माहीत नव्हते. तो प्रदेश म्हणजे राजस्थानातील शेखावाटी. इतिहास विभागाच्या अभ्यास-सहलीत आम्ही नवलगढ, मंडावा आणि फतेहपूर ही गावे पाहिली. प्रस्तुत लेखात प्रवासाच्या गमतीजमती सांगण्याचा हेतू नाही. ही चित्रे कोणी काढविली, कोणी काढली, कशी काढली आणि आज त्यांची स्थिती काय आहे, हे थोडक्यात मांडावे, आणि शेवटी आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीची कबुली द्यावी, एवढाच उद्देश आहे.

प्रदेश आणि पैसा

जयपूरच्या वायव्येस झुंझुनू आणि सीकर हे जिल्हे व चूरूचा काही भाग मिळून शेखावाटी होते. राव शेखा (१४३३ ते १४८८) या कछवाह राजपूत सरदारावरून हे नाव पडले. जमीन रेताड, पाऊस तुटपुंजा, विहिरी खोल. विहिरीच्या चौथऱ्यावर चार कोपऱ्यांना चार उंच मनोरे बांधलेले असतात. रेतीच्या मैदानात तहानलेल्या वाटसरूला पाणी कोठे आहे हे दुरून कळावे, हा त्यांचा उपयोग. अशा कोरड्या मुलखात एवढी श्रीमंती आणि एवढी चित्रे आली कोठून, हा पहिला प्रश्न मनात येतो.

त्याचे उत्तर भूगोलात आणि राजकारणात आहे. गुजरातच्या बंदरांतून दिल्लीकडे आणि पलीकडे मध्य आशियाकडे जाणारे उंटांचे तांडे या भागातून जात. फतेहपूर हे गाव कायमखानी नवाबांनी १४५१ मध्ये वसविले. पुढे १७३० च्या सुमारास शेखावत सरदारांनी झुंझुनू आणि फतेहपूर ही दोन्ही ठाणी नवाबांकडून घेतली. झुंझुनू घेणाऱ्या शार्दूलसिंहाचा मृत्यू १७४२ मध्ये झाला आणि त्याचा मुलूख त्याच्या पाच मुलांत वाटला गेला. या वाटणीला ‘पंचपाना’ म्हणतात. वाटणीने सत्ता दुबळी होते असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. येथे मात्र तिचा एक वेगळाच परिणाम झाला. प्रत्येक ठाकुराला आपला गढकोट हवा, आपली बाजारपेठ हवी, आणि बाजारपेठेसाठी व्यापारी हवेत. नवलसिंहाने १७३७ मध्ये नवलगढ वसविले आणि नंतर १७५५ च्या सुमारास मंडाव्याचा किल्ला उभारला. व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या आणि जकात हलकी ठेवली. जयपूर आणि बिकानेर संस्थानांच्या जकाती जड असल्यामुळे तांडे शेखावाटीकडे वळले. उलट प्रकारही घडे. लोकरीवरील करावरून चूरूच्या ठाकुराशी बिनसल्यावर पोद्दार घराणे तेथून निघाले आणि त्यांनी १७९१ मध्ये रामगढ हे स्वतःचे गाव वसविले. व्यापारी रुसला तर गाव ओस पडते, हे ठाकुरांना तेव्हा चांगले उमगले असावे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल बसला, कलकत्ता आणि मुंबई ही बंदरे वाढली, पुढे रेल्वे आली आणि उंटांचे तांडे थांबले. एखादा प्रदेश अशा वेळी कायमचा खचला असता. येथील वैश्यांनी मात्र गाव सोडून बंदरे गाठली. पिलानीचे शिवनारायण बिर्ला त्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईस आले. नवलगढच्या पोद्दारांचे नाव माटुंग्याच्या वाणिज्य महाविद्यालयामुळे मुंबईच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी आहे. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात १८८९ मध्ये जन्मलेला एक मुलगा वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घरी दत्तक आला. तेच पुढे गांधीजींचे निकटवर्ती जमनालाल बजाज होत. म्हणजे शेखावाटी आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

माणूस परगावी कमवीत असला तरी मान मात्र त्याला गावातच हवा असतो. दुकान कलकत्त्यात, पण बायकामुले, कुलदैवत आणि लग्नकार्ये गावी. त्यामुळे पैसा गावाकडे येत राहिला आणि त्यातून हवेल्या, छत्र्या, मंदिरे, विहिरी आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. शेजाऱ्याच्या हवेलीवर हत्ती असेल तर आपल्या हवेलीवर हत्तींची मिरवणूक हवी, ही चढाओढही त्यात होतीच. आज जी चित्रे आपण पाहतो त्यांतील बरीचशी १८३० ते १९३० या शंभर वर्षांतील आहेत.

हवेलीची रचना

चित्रांचे स्थान समजण्यासाठी घराची रचना समजली पाहिजे. आपल्या वाड्याशी तिचे साम्य पुष्कळ आहे. मोठ्या दरवाजातून आत शिरले की बाहेरचा चौक लागतो. त्याच्या बाजूला बैठक असते. येथे शेठजी गादीवर बसून व्यवहार पाहत. त्यापुढे आतल्या चौकाचा दरवाजा. त्याच्या चौकटीवर लग्नाचे लाकडी तोरण अडकवलेले दिसते. नवरदेवाने या तोरणाला तलवारीने किंवा काठीने स्पर्श करायचा, असा रिवाज. त्याच्या आतला चौक बायकांचा. आपल्या माजघरासारखी तेथे परक्या पुरुषाला मज्जाव असे.

या रचनेप्रमाणे चित्रांचे विषयही बदलतात असे आम्हांस दिसले. रस्त्याकडच्या भिंतीवर हत्ती, घोडे, उंट, शिपाई, मिरवणुका, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यावर छाप पाडणारे विषय. बैठकीत देवादिक आणि घरातील पुरुषांची व्यक्तिचित्रे. आतल्या चौकात कृष्णलीला आणि ढोला-मारूसारख्या लोककथा. छज्जाखालच्या कमानी, तुळयांमधील चौकोन, दारावरचा कोनाडा अशी एकही जागा चित्रकाराने मोकळी सोडलेली नाही.

ओल्या चुन्यावरची कला

येथे एक तांत्रिक भेद लक्षात घेतला पाहिजे. अजिंठ्याची चित्रे वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. तेथे रंग भिंतीला धरून ठेवण्याचे काम डिंकासारखे चिकट द्रव्य करते. शेखावाटीतील बाहेरच्या भिंतींवरची उत्तम चित्रे मात्र ओल्या चुन्यावर काढलेली आहेत. राजस्थानात या कामाला आराइश म्हणतात.

भिंतीवर प्रथम चुना आणि वाळूचा जाडसर थर देतात, त्यावर अधिक बारीक थर. शेवटच्या थराचा चुना अनेक महिने पाण्यात विझवत ठेवलेला, वरचे पाणी पुनःपुन्हा बदललेला आणि दही घालून निवळलेला असतो. त्यात संगमरवराची वस्त्रगाळ भुकटी मिसळतात. हा थर ओला असतानाच चित्र पुरे करावयाचे, म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच भाग लिंपतात. कागदावर आधी काढलेल्या आकृतीच्या रेषांना बारीक भोके पाडून त्यावर कोळशाची पूड झटकली की भिंतीवर ठिपक्यांची रेघ उमटते. आपल्याकडील रांगोळीच्या छापाचीच ही युक्ती. मग चुन्याच्या पाण्यात कालवलेले रंग भरायचे, थापीने हलके ठोकून ते चुन्यात मुरवायचे, अकीक दगडाने घासून चकाकी आणायची आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवायचा.

यामागील रसायनशास्त्र आमच्या सरांनी तेथेच भिंतीपाशी उभे राहून समजावून सांगितले. ओला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर होते. हे होताना रंगाचे कण त्या दगडी पापुद्र्यात अडकून बसतात. म्हणजे रंग भिंतीवर नसतो, तो भिंतीचाच भाग होतो. उन्हातान्हात दीडशे वर्षे चित्रे टिकली त्याचे कारण हे.

रंगांवरून काळ ओळखण्याचे एक ढोबळ गमकही आम्ही शिकलो. जुन्या चित्रांत गेरूचा तांबडा रंग प्रमुख, त्याच्या जोडीला काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, पिवळी माती आणि नीळ. नवलगढजवळच्या परसरामपुरा येथे शार्दूलसिंहाची १७५० च्या सुमाराची छत्री आहे. तिच्या घुमटात रामायणातील युद्ध आणि कृष्णलीला अशाच मातकट, शांत रंगांत रंगवलेल्या आहेत. युरोपात १८२० च्या दशकात कृत्रिम निळा रंग तयार झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे परदेशी रंग शेखावाटीच्या बाजारात आले. त्यानंतरच्या हवेल्यांवर झगझगीत निळा आणि भडक तांबडा दिसू लागतो. तेव्हा एखाद्या भिंतीवर निळ्याचा सुकाळ दिसला तर ती फार जुनी नाही असे समजण्यास हरकत नाही.

गवंडी तोच चितारी

ही चित्रे कोणी काढली? शेठजींची नावे हवेल्यांना आहेत, ठाकुरांची नावे गावांना आहेत. चित्रकारांची नावे मात्र बहुतेक भिंतींवर नाहीत. हे काम करणाऱ्यांना चेजारा म्हणत. ते मुख्यतः कुंभार समाजातील होते आणि बांधकाम व चित्रकाम दोन्ही करीत. भिंत उभारणारा गवंडी आणि ती रंगवणारा चितारी एकच असणे, हे या कलेचे मोठे वैशिष्ट्य आहे. ओल्या चुन्यावर काम करायचे तर गिलावा केव्हा किती ओढून घेतो हे हाताला कळले पाहिजे, आणि ते गवंड्याइतके कोणाला कळणार?

या चेजाऱ्यांपैकी अनेकांनी कलकत्ता-मुंबई पाहिली नव्हती. शेठजी गावी आले की तिकडच्या नवलाईच्या गोष्टी सांगत. सोबत छापील चित्रे आणत. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याची देवदेवतांची रंगीत चित्रे देशभर पसरली. ती पाहून काढलेली लक्ष्मी-सरस्वती शेखावाटीच्या भिंतींवर सहज ओळखू येते. पण जेथे नमुना नव्हता तेथे चितारी ऐकीव माहितीवर काम भागवी. मग आगगाडीचे डबे म्हणजे चाकांवर ठेवलेली छोटी घरे होतात आणि प्रत्येक खिडकीतून एक एक डोके बाहेर डोकावते. मंडाव्याच्या बन्सीधर नेवटिया हवेलीवर राइट बंधूंचे विमान आहे आणि टेलिफोनवर बोलणारा मुलगाही आहे. अन्यत्र मोटारीत बसलेले राधाकृष्ण, ग्रामोफोन ऐकणारा साहेब, राणी व्हिक्टोरिया असे सर्वजण एकाच छज्जाखाली सुखाने नांदतात.

काही अभ्यासक या उत्तरकालीन चित्रांना अभिरुचीचा ऱ्हास मानतात. रेषेची नजाकत जुन्या चित्रांत अधिक आहे हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही ‘बिघडलेली’ चित्रेच अधिक मोलाची वाटतात. न पाहिलेले यंत्र आपल्या ओळखीच्या वस्तूंच्या आधारे कसे समजून घेतले गेले, याचा असा पुरावा कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

मंडाव्यातील एक प्रसंग

आता ती कबुली. मंडाव्यात एका मोठ्या, बंद असलेल्या हवेलीच्या बाहेरच्या भिंतीवर हत्तींची रांग होती. चित्र फार फिके झाले होते. आमच्यातील एकाने आदल्या दिवशी दुसऱ्या गावी एका वाटाड्याला पाहिले होते. त्याने बाटलीतील पाणी भिंतीवर मारताच रंग क्षणात उजळले होते. आमच्या मित्राने तेच केले. खरोखरच गेरूचा लाल आणि झुलीचा पिवळा असा काही उठून दिसला की आम्ही टाळ्या वाजवल्या आणि छायाचित्रे घेऊ लागलो. पाणी मारणारा हात एकाचा असला तरी टाळ्या सर्वांच्या होत्या, हे नमूद केले पाहिजे.

दिंडीदरवाजातून एक म्हातारी राखणदारीण बाहेर आली. ती रागावेल असे वाटले होते. ती ओरडली नाही. तिने पदराने ओघळ टिपण्याचा प्रयत्न केला, मग हात मागे घेतला, कारण पदराला रंग लागत होता. आमच्या हिंदी-मराठी मिश्रित क्षमायाचनेवर ती एवढेच म्हणाली, ‘‘बेटा, मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा येथे सात हत्ती होते. आता मोज.’’

आम्ही मोजले. चार होते, आणि पाचव्याचे पाय.

‘‘माँजी, मालक काही करत नाहीत का?’’ आमच्यापैकी एकीने विचारले. तिने सांगितले की मालक कलकत्त्याला असतात आणि घराला वारस इतके आहेत की तिलाही सगळे ठाऊक नाहीत. दुरुस्तीला सर्वांची संमती लागते, आणि ती कधी होत नाही. तिचे कुटुंब दोन पिढ्या दिंडीदरवाजाजवळच्या खोलीत राहून घर राखीत आले आहे. तिने आम्हांला हाकलले नाही, उलट मडक्यातील पाणी प्यायला दिले. भिंतीवर ओतलेल्या पाण्यानंतर ते पाणी पिणे आम्हांला जड गेले.

ऱ्हासाची कारणे

त्या संध्याकाळी सरांनी आम्हांला बोल लावला नाही. ‘‘पाण्याने नेमके काय होते ते शोधून काढा आणि लिहा,’’ एवढेच ते म्हणाले. हा लेख म्हणजे त्या आज्ञेचे पालन.

पाणी मारले की रंग उजळतात ते तात्पुरते. भिंत वाळताना आत शिरलेले पाणी चुन्यातील व विटांतील क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते. पाणी उडून जाते, क्षाराचे स्फटिक मागे राहतात आणि फुगून रंगाचा पापुद्रा आतून ढकलतात. एकदा केल्याने चित्र पडत नाही, परंतु रोज येणाऱ्या पाहुण्यांपैकी एकानेही असे केले तर काही वर्षांत पडते. भिंतीच्या पायथ्याची चित्रे सर्वांत आधी जातात याचेही कारण हेच. जमिनीतील ओल भिंतीत चढते आणि तिच्याबरोबर क्षार चढतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल बाहेर पडू शकत नाही. ती आणखी वर सरकते आणि वरचे चित्रही जाते. म्हणजे काळजीपोटी केलेली दुरुस्तीही घातक ठरू शकते.

याखेरीज जाहिराती आणि भित्तिपत्रके चिकटवणे, खिळे ठोकणे, चुलीचा धूर, नावे कोरणे ही कारणे आहेतच. दरवाजे आणि खिडक्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना विकल्या जातात. कित्येक हवेल्या पाडून त्या जागी दुकाने झाली आहेत. काहींची हॉटेले झाली. त्यामुळे इमारत वाचते हे खरे, पण चित्रांवर नवा रंग चढण्याचा धोकाही असतो.

नवलगढमध्ये या प्रश्नाच्या दोन बाजू जवळजवळ पाहावयास मिळतात. पोद्दार हवेलीत संग्रहालय आहे. तेथील चित्रे नव्याने रंगवून टवटवीत केली आहेत. मोरारका हवेलीत मूळ चित्रे शक्यतो आहेत तशी राखण्यावर भर दिसतो. सामान्य प्रेक्षकाला पहिली अधिक आवडते, आणि त्यात त्याचे चुकते असे नाही, कारण मूळ घर नवे असताना असेच झळकत असणार. पण पुन्हा रंगवलेल्या रेषेत जुन्या चेजाऱ्याचा हात उरत नाही. आमच्या गटात यावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला. माझे मत असे की, जे उरले आहे ते थांबवून धरावे, जे गेले ते गेले म्हणून मान्य करावे. फतेहपूरमध्ये नादीन ल प्रिन्स या फ्रेंच चित्रकर्तीने १९९८ मध्ये देवडांची जुनी हवेली विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार केला. हे काम पाहून आनंद झाला आणि थोडी शरमही वाटली. ब्रिटिश अभ्यासक इले कूपर यांनी गावोगाव हिंडून या इमारतींच्या नोंदी केल्या. अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांचे या चित्रांवरील पुस्तक १९८२ मध्ये निघाले. या नोंदींतील काही भिंती आज उभ्या नाहीत. त्यांचे अस्तित्व नोंदीपुरतेच उरले आहे.

समारोप

यावरून आपण काय घ्यावे? शेखावाटीची एकही हवेली आपण विद्यार्थी वाचवू शकणार नाही, हे उघड आहे. तरी तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली, पाहायला जाऊ तेथे भिंतीला हात, पाणी किंवा खडू लावू नये आणि दुसऱ्याने लावल्यास टाळ्या वाजवू नयेत. दुसरी, घर राखणाऱ्या माणसाशी बोलावे. पुस्तकात नसलेली मोजदाद त्यालाच ठाऊक असते. तिसरी आणि महत्त्वाची, आपल्या गावातील जुन्या वाड्यात, देवळात, मठात चित्रे असतील तर त्यांची आजच नोंद करावी: कोणते चित्र, कोणत्या भिंतीवर, किती लांबीरुंदीचे, कोठे पोपडे धरले आहेत. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक वही, एक टेप आणि चार रविवार पुरतात.

आमच्या गटाने या सत्रात गावातील दोन जुन्या वाड्यांपासून अशी सुरुवात केली आहे. आमची पाणी ओतणारा मित्र त्या गटाचा प्रमुख आहे. वहीच्या पहिल्या पानावर मात्र गावातल्या वाड्याची नोंद नाही. तेथे त्याने मंडाव्याची नोंद लिहिली आहे: ‘‘हत्ती चार. पाचव्याचे पाय.’’ त्याखाली तारीख आहे.